आणखी एक पाटा

"उठ दर्याच्या राजा, पोरीचा पाट मांडिला… भरतीची वेल झाली, वाटेत कोन थांबिला…"

मथुराचा आवाज सहदेवनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती त्याला दिसलीही नव्हती. होडी अजून किनाऱ्याला लागायची होती, वारा जमिनीकडून वाहत होता आणि वेसाव्यात कुणाच्या तरी अंगणात हळद चालली होती. बाकीच्या बायकांचे आवाज वर जायचे आणि वाऱ्यानं फाटायचे. हा एक आवाज वर गेलाच नाही. तो पाण्याला पोट लावून आला, जाळ्याची ओली दोरी काठावरून आत यावी तसा, आणि सहदेवच्या पायाशी वेटोळं करून बसला. पुढं ती त्याच्या घरात आली, तिला राधा ही पोर झाली, कानाशी केस पांढरे झाले. तरी त्याच्या लेखी मथुरा म्हणजे आधी तो आवाज आणि मग बाकीची बाई. आज सकाळी तो पुन्हा त्याच्या कानात उठला. आणि उठला तो नेमका अशा वेळी, की खरी मथुरा समोर चहाचा कप ठेवत होती आणि बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या स्वरात म्हणत होती, "रादाच्या हलदीला मोरागावची सोनूबाई आन."

सहदेव कप तसाच ठेवून बाहेर आला, अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांपाशी गोणपाट अंथरलं आणि आडवा होऊन आत सरकला. गाडीखाली आलं की त्याला बरं वाटायचं. वर लोखंड, खाली वाळू, आणि दोहोंच्या मधल्या सावलीत ग्रीसचा नि सुक्या बोंबलाचा वास. पण आज तिथंही ते वाक्य त्याच्या मागून आत आलं. मथुरा स्वतः धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात धवलारीण गाऊन देवांना मांडवात बोलावते. ती गायल्याशिवाय हळदीच्या वाटीत कुणी बोट घालत नाही. आत्या सखुबाईच्या तोंडून मथुराच्या तोंडात ती गाणी आली होती, आणि एके काळी वेसाव्यापासून मोरागावापर्यंत तिच्या आवाजाशिवाय पाट हलत नव्हता. मग पाठीचं दुखणं आलं. मग गाडीचे दणके सोसेनात म्हणून तिनं लग्नांना जाणं सोडलं. इथपर्यंत सहदेवला सगळं ठाऊक होतं, पाठ होतं. पण राधाचा मांडव तर याच अंगणात पडायचा होता. चुलीपासून मांडवापर्यंत कुठलं चाक होतं? कुठला दणका होता? मग सोनूबाई कशाला?

डोक्यावर पाट्यांची कमान होती. जाडसर पोलादी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या, वरची लांब, खालची तिच्याहून आखूड, अशा उतरत गेलेल्या. या कमानीवर गाडीचं पुढचं अंग तोललेलं असतं. त्यानं हात वर करून एका पाट्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. आणखी एक काढावा का? का माणिक लोहाराकडून आणखी एक पातळ ओढून घ्यावा? इतक्या वर्षांत त्याच्या मनाला हे वळणच पडून गेलं होतं. काही दुखलं, काही अडलं, तर त्याचं उत्तर या कमानीतच कुठंतरी असणार, आणि हात घातला की सापडणार.

गाडी आली तेव्हा राधा परकर सांभाळत धावण्याइतकी होती. लढाईच्या वेळची डॉज, लष्कराच्या लिलावातली, हिरव्या रंगावर कुणी परदेशी हातानं लिहिलेले आकडे अजून दिसत होते. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ असल्यामुळं ती वाळूत रुतत नसे. सहदेवनं होडीतला वाटा भावाला देऊन ती घेतली तेव्हा कोळीवाडा हसला होता. पण ओहोटीच्या उघड्या किनाऱ्यावरून ती मासळी नि बर्फ घेऊन निघाली, होड्या ओढून वर घेऊ लागली, तसं हसणं थांबलं. त्याच साली मथुरा बोंबील वाळवायच्या उंच बांबूंवरून पडली. अंधेरीच्या डॉक्टरांनी कमरेवर हात दाबून बघितलं, चालायला हरकत नाही म्हणाले, ओझं उचलू नका म्हणाले, आणि दणका टाळा म्हणाले. दणका. हा शब्द सहदेवनं खिशात टाकून घरी आणला. कारण वेसाव्याबाहेरच्या लग्नांना मथुरा आता त्याच्याच गाडीतून जात होती, आणि ती गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेला दणकाच होती. तिचे पाटे तोफा वाहायला घडवलेले. तोफेला पाठ नसते.

पहिल्यांदा त्यानं सरळ हिशेब केला. पाटे कमी केले की गाडी नरम. दोन पाटे काढून टाकले आणि खडकांवरून नेली, तर पुढचा आस उसळून वरच्या लोखंडावर असा आदळला की त्याची स्वतःची दातखीळ बसली. मथुरा खाली उतरून कमरेवर हात ठेवून बराच वेळ समुद्राकडं बघत राहिली. तिनं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला माणिकचा भाता होता. घाटावरून आलेला लोहार, ट्रकांच्या कमानी भट्टीत घालून पुन्हा वाकवून द्यायचा. तो पोट धरून हसला. म्हणाला, "नाखवा, ही काय तुमची होडी हाय का, वजन टाकून दिलं की हलकी झाली? पाटं काढू नका. पातळ करा आन वाढवा." मग त्यानं जाड पाट्यांच्या जागी पातळ, लांब पाटे घडवले, टोकं घासून निमुळती केली, म्हणजे एक दुसऱ्याला चावणार नाही. पाट्याचं मागचं टोक ज्या लोंबत्या दुव्यात अडकवलेलं असतं त्याला माणिक शॅकल म्हणायचा. सहदेव त्याला झोपाळा म्हणू लागला, आणि हळूहळू माणिकही. तो झोपाळा त्यांनी लांब केला. पाटे आवळून धरणाऱ्या पट्ट्या सैल केल्या. मग एक चाक खाली उतरलं तेव्हा ब्रेकची रबरी नळी ताणून तुटायच्या बेतात आली, म्हणून नळी लांब केली. एक गाठ सोडवावी तर तिच्या खालची दिसायची. जाळं दुरुस्त करताना होतं तसंच. माणिक कंटाळला नाही. तो म्हणायचा, गाडी झकास होईल, पण कुणासाठी चाललंय ते मला ठाऊक आहे, आणि ते तुम्ही वहिनींना एकदा तोंडानं सांगत का नाही? सहदेव यावर पुढचा पाटा उचलून द्यायचा. तोंडानं काय सांगायचं? सांगायची कामं मथुराची. तिचं तोंड, त्याचे हात, अशी त्यांची वाटणी पहिल्यापासूनच झाली होती.

त्याला काय साधायचं होतं ते डोळे मिटले की स्वच्छ दिसायचं. खडक आला की एका चाकानं त्याच्यावर चढावं. त्याच वेळी दुसऱ्यानं बाजूच्या खड्ड्यात खोल उतरावं, जमीन सोडू नये. आस असा तिरका व्हावा, वाकावा, पिळावा. आणि वर बसलेल्या बाईच्या मांडीवरचं फूलसुद्धा हलू नये. खालच्यानं सगळं सोसावं आणि वरच्याला कळू देऊ नये. परीक्षा घ्यायची त्याची रीतही होती. मथुरा जिथं बसायची त्या जागी तो पाटीत ताजे सरंगे रचून ठेवायचा आणि खडकांवरून गाडी काढायचा. सरंग्याचं पोट लेकराच्या टाळूसारखं असतं. जरा दणका बसला की तिथं निळसर डाग उमटतो. परत आल्यावर तो एकेक मासा उचलून उन्हात धरायचा. मथुरा दारातून बघायची आणि म्हणायची, "आज माज्या जागी कोन बसलेला? सांग, म्हंजे त्याचाच कालवन करतंय." असं म्हणून ती हसायची, आणि तिचं हसणंही गाण्याच्याच पट्टीत लागायचं. ते दिवस आठवले की त्याला वाटतं, कोळीवाड्यावर तेव्हा उजेडच वेगळा पडत होता. सात बंगल्यापर्यंत नजर अडायची नाही. खाजणात बगळे उभे असायचे. आता तिथं मातीचे डंपर उभे असतात, आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांवर टेलिव्हिजनच्या काड्या.

गाडी खरंच नरम झाली होती. मग त्याच्या हातून ती चूक झाली. पाट्यांच्या टोकाच्या भोकांत, म्हणजे डोळ्यांत, पूर्वी पितळी नळ्या होत्या. पीळ सोसावा म्हणून माणिकनं तिथं रबरी बुश बसवले. खारं पाणी लोखंड खातं, हे कोळ्याला शिकवावं लागत नाही. होडी पाण्यात लोटण्याआधी तिला मुशी माशाचं तेल पाजतात. लाकूड पितं आणि वर्षभर टिकतं. सहदेवनं प्रेमानं, अगदी हातानं, त्याच तेलानं पाटे माखले, झोपाळे माखले, आणि ते नवे बुशही माखले. लाकडाला जे अमृत ते रबराला विष, हे त्याच्या कुळात कुणाला ठाऊक असणार? बुश फुगले, शिजल्यासारखे मऊ झाले. मोरागावच्या लग्नाहून परत येताना खडकांवर डावीकडचा पाटा डोळ्यातून सरकला, आस फिरला, आणि गाडी दगडाला टेकून तिरकी झाली. कुणाला लागलं नाही. मथुरा उतरली, पदर खोचला, आणि न बघता म्हणाली, "आता नाय बसाची मी हिच्यात."

त्यानंतर ती बसली नाही. दर मोसमाला तो काहीतरी नवं करायचा. बुश बदलले. पुढचे शॉकअप आखूड पडत होते, चाकाला पुरतं उतरू देत नव्हते, त्यांच्या जागी लांब आणून वरचं टोक उंच धरून बसवले. आणखी एक पातळ पाटा. मग गाडी तिच्या दारात उभी करायचा आणि म्हणायचा, बघ बसून. ती चाकाकडं बघायची, त्याच्या काळ्या हातांकडं बघायची, आणि म्हणायची, अजून दनका हाय रे, पुढच्या साली बघू. बसून न बघताच तिला कसं कळायचं, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण बाईच्या पाठीला जे कळतं ते पुरुषाला काय विचारायचं, असं म्हणून तो पुन्हा आडवा व्हायचा.

वाळूत पडल्या पडल्या आज त्याला मोरागावची ती हळद पुन्हा आठवली. परतीचा खडक नाही, त्याच्या आधीची हळद. तो मांडवाबाहेर पुरुषांत बसला होता. आत मथुराचा आवाज गाण्यातून मांडवाच्या बांबूवाल्याला बोलावून झाला होता, खड्डा खणणाऱ्याला बोलावून झाला होता. पुढं हळद आणणाऱ्याची पाळी होती. आणि आवाज थांबला. गाणं चालू असताना कुणी घोट पाणी पितं तसा. मग पलीकडून सोनूबाईचा जाडाभरडा आवाज उठला, तिनं ओळ उचलली, आणि बायका तिच्या मागून गेल्या. तेव्हा त्याला वाटलं होतं, पाठ दुखली असेल. येताना दणके बसले असतील. म्हणजे गाडीच. त्याच्या मनात पुन्हा गाडीच.

चाकापाशी मथुराचे पाय आले. टाचांना भेगा, उजव्या अंगठ्यात जोडवं. वरून आवाज आला, "भाईर ये. मना पन येवा लागंल. धवलारनीला आवतन द्याचा तं धवलारनीनंच, हातात नारल घेऊन. तू एकला गेलास तं सोनूबाई दारातून परत पाठवंल."

तो बाहेर आला तेव्हा ती स्वच्छ लुगडं नेसून उभी होती, ताटलीत नारळ नि विडा. रिक्षानं अंधेरीवरून जाऊ असं म्हणावं असं त्याला वाटलं. पण रस्ते सगळे खणलेले, आणि त्या तीन चाकांच्या डबड्यात तिची पाठ टिकली नसती. ती मात्र सरळ डॉजच्या पायरीवर पाय ठेवून वर चढली. जणू मधली वर्षं नव्हतीच. त्यानं घाईघाईनं बैठकीवर गोधडी टाकली. मग पुढं जाऊन हँडल मारलं. त्याला एकच हवं होतं, आणि ते इतकं जवळ आलं होतं की त्याचं नाव घ्यायला भीती वाटत होती. राधा उद्या दुसऱ्या घरी जाईल, तिच्या अंगाला आईच्या गाण्यातली हळद लागायला हवी होती. गाडी आज नीट चालली, हिच्या पाठीला काही कळलं नाही, तर ही परत येताना म्हणेल, जाऊ दे ती सोनूबाई, मीच गातंय. आणि दणका बसला तर ते कायमचं गेलं.

ओहोटी पुरती लागली होती. वाळू ओली नि घट्ट होती, चाकांचा आवाजही होत नव्हता. वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी बसलेल्या बायका वळून बघत होत्या. एकीनं ओरडून विचारलं की म्हातारीला पळवून कुठं नेतोस, आणि मथुरानं तिला हात करून उडवून लावलं. नाल्याच्या तोंडाशी गाडीनं पुढचं नाक खाली घातलं. डावं चाक चिखलात उतरलं, उतरतच गेलं, उजवं काठावर राहिलं. सहदेवला खाली पाटे एकमेकांवरून सरकताना ऐकू आले. एक बारीक, ओला, तृप्त आवाज, जेवण झाल्यावर माणूस करतो तसा. वरचं अंग सपाट राहिलं. मथुराच्या ताटलीतलं विड्याचं पानही जागचं हललं नाही. मग खडक आले, काळे, शेवाळलेले, जिथं पाटा सरकला होता तेच. त्यानं गिअर खाली घेतला. उजवं चाक चढलं, झोपाळा पुढं गेला, डावं चाक दगडाच्या कुशीत शिरलं. मग डावं चढलं. गाडी खडकांवरून नुसती गेली नाही, तिनं एकेक दगड हातानं चाचपावा तसा चाचपला. खिडकीखालच्या लोखंडी दांड्याला मथुरा पूर्वी दोन्ही हातांनी धरायची. आज तिचे हात मांडीवर होते. ती समोर बघत होती, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की तिचा चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नाही. भ्यालेल्या माणसाचा आहे.

खडकांच्या माथ्यावर, सपाट जागी, त्यानं इंजिन बंद केलं. समुद्र लांब गेला होता. मोरागावच्या माडांचे शेंडे दिसत होते.

"लागला का गो?" त्यानं विचारलं.

"नाय."

"कुठंच?"

"कुठंच नाय लागला."

त्याला रडू आलं असतं. तो स्टिअरिंगवरून तळहात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग आपुन इथनंच परतूया. तूच गा पोरीच्या हलदीला. सोनूबाई कशाला?"

 तिनं ताटली खाली पायांशी ठेवली, नारळ कलंडू नये म्हणून पायानं अडवला. वारा जमिनीकडून सुटला होता. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज खाली, अगदी खाली होता.

"गारी कवाच नरम झालती, रादाच्या बा. तेल लावलास त्याच्या आदीच. मोरागावला जाताना मना काय पन झाला नव्हता." तिनं गोधडीचं टोक सारखं केलं. "हलदीचा गाना आला आनि माज्या तोंडात कायच नव्हता. तोंड उघडा आनि आत कोराच. सोनूबाईनं उचलला म्हनून निभावला. ती कोनाला बोलली नाय. येताना पाटा सरकला, मना वाटला, देवानंच दिला. म्हटला, गानी गेली म्हन्याच्या जागी गारीचा दनका सांगू."

"इतकी वर्सा?"

"तू खाली पडून ठोकत बसायचास. मी आतून आयकायची. मी खरा बोलले असते तं तुजा हात थांबला असता ना. आनि मंग तुना बी कललाच असता, का हितं ठोकून कायच व्हनार नाय."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गाणी गेली तर जाऊ देत, असं म्हणायचं होतं. सोनूबाई गाईल, तू नुसती बसून राहा, असंही. पण ती अजून संपली नव्हती. तिनं त्याचा हात स्टिअरिंगवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला, ग्रीसनं काळा झालेला, आणि लुगडं खराब होईल याची पर्वा केली नाही.

"नुसती गानीच गेली असती तं मी कवाच बोलले असते. काल सकाली पोर नलावर होती. हाक माराची होती. तिचा नाव नाय आला. उभी राहिले तशीच, घागर घेऊन, पोरीकडं बघत. मंग तीच वलली." तिनं त्याची बोटं एकेक करून दाबली, मोजत असल्यासारखी. लग्नाच्या दिवसापासून या बाईनं नवऱ्याचं नाव ओठांवर आणलं नव्हतं. कोळीवाड्यात कुणीच बाई आणत नाही. "रोज उठले का आदी मनात तुजा नाव घेऊन बघतंय. हाय का गेला. आज पन घेतला. हाय अजून." आणि मग तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "सहदेव."